माडगूळकरांचे रान

व्यंकटेश माडगूळकर 1955 पासून अनेक वर्षे पुण्याच्या आकाशवाणीवर ग्रामीण कार्यक्रम करीत. समोर न दिसणाऱ्या शेतकऱ्याशी बोलायचे, तर वाक्य आखूड हवे आणि पाल्हाळ नको. ही सवय ‘नागझिरा’ ह्या पुस्तकात पुरेपूर उतरली आहे. भंडाऱ्याकडच्या त्या जंगलात ते बसतात, पाहतात, ऐकतात. झाडांच्या अंगावर उपमांचे दागिने घालीत नाहीत. आपल्या ललितलेखकांना हा संयम क्वचितच साधतो. (आम्हां मास्तरांना तर नाहीच.)

तरीही सूरजागडला बसून वाचताना एक गोष्ट खटकते. इथे रान पाहायला कोणी जात नाही. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला जातात. माडगूळकरांचे रान मुक्कामाला आलेल्या पाहुण्याचे आहे. त्यात जनावरांचा माग जितका बारकाईने लागतो, तितका माणसांच्या पोटापाण्याचा लागत नाही. नवल असे, की ‘बनगरवाडी’त हाच लेखक दुष्काळातल्या धनगरांवरून नजर ढळू देत नाही. माणदेश त्यांचा स्वतःचा होता, एवढाच काय तो फरक.

आमच्या डोंगरावरून आता लोहखनिजाचे ट्रक उतरतात. त्या घरघरीत माडिया म्हातारी काय पुटपुटते, ते टिपायला माडगूळकरांचाच कान हवा. माझ्या कादंबऱ्यांत तो मला अजून साधलेला नाही.