सॅक्सोफोनची उपज

कोल्हापुरात पापाच्या तिकटीवर वरात थांबली की बँडमधला सॅक्सोफोनवाला आधी रीड तोंडात धरून ओली करतो, पकड घट्ट करतो आणि ‘रूप तेरा मस्ताना’ काढतो. हुबेहूब. मूळ गाण्यात मनोहारी सिंग जिथे दम घेतात, तिथेच हाही घेतो. लोक दाद देतात ती या हुबेहूबपणालाच, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

हे अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. देवल क्लबात एखाद्याने कालचीच तान आज तशीच्या तशी घेतली तर माना हलायच्या थांबतात. गायकाकडून आपल्याला उपज हवी आणि सॅक्सोफोनवाल्याकडून नक्कल! जॅझ म्हणजे तरी दुसरं काय? धून एकदा मांडायची, मग कॉर्ड्सच्या ठरलेल्या आवर्तनावर ती दर खेपेला नव्याने उलगडायची.

हे आपल्या शेजारच्या गोव्यातल्या सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी करून दाखवलं. गाव नेवरा. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकायचं आणि पोटासाठी मुंबई-कलकत्त्याची हॉटेलं गाठायची, ही गोव्याच्या वादकांची जुनी वाट. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) पडद्यावर दिसणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्याच वाटेवरचे, ब्राझ त्यांचे जावई. फिल्मी स्टुडिओत ही मंडळी कागदावरचं वाजवत, तबकडीवर त्यांचं नाव नसे. आपलं स्वतःचं वाजवायचं ते रात्री हॉटेलात.

ब्राझनी सात जणांचा संच बांधला आणि १९७० च्या सुमारास ‘रागा रॉक’ ही तबकडी केली. पुढे पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका रमामणी यांच्यासोबत ते युरोपात वाजवून आले. रागदारी-जॅझच्या बहुतेक प्रयोगांत रागाचे स्वर येतात, चलन येत नाही, हे खरंच. पण त्यात वाद्याचाही दोष आहे. सॅक्सोफोनला चाव्या, प्रत्येक स्वराची जागा बांधलेली. मींड काढायची तर ओठ सैल-घट्ट करून स्वर ओढावा लागतो. मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथांनी यासाठी वाद्याची रचनाच बदलून घेतली आणि ते कर्नाटक संगीताच्या मैफलीत बसले. ब्राझ मात्र जॅझवालेच राहिले. मला ही निवड अधिक धाडसाची वाटते, कारण कर्नाटक संगीताला तयार श्रोता होता, जॅझला इथे नव्हता.

१९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत ‘जॅझ यात्रा’ भरवली, खुद्द अमेरिकी सॅक्सोफोनवादक सोनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. त्याचा आवाज घाट चढून इकडे काही आला नाही. आणि आता तर वरातीतला बँडही डॉल्बीपुढे मागे पडतोय.

तेव्हा पुढच्या वरातीत, डॉल्बी सुरू होण्याआधी, त्या सॅक्सोफोनवाल्याला पाच मिनिटं द्या. आणि गाणं सुचवू नका.