१६ टक्के बचत: आकडा खरा, पण कुणाच्या इमारतीचा?

ऊर्जाबचतीवरच्या सादरीकरणांत एक दावा हमखास भेटतो. जुन्या व्यावसायिक इमारतीत एकही मोठं यंत्र न बदलता, नुसती आहे ती यंत्रणा नीट लावून १६ टक्के ऊर्जा वाचते आणि त्यावरचा खर्च साधारण वर्षभरात वसूल होतो. हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतले इव्हान मिल्स यांच्या २००९ च्या अहवालातला तो आहे. माझ्या मते तो अहवाल चांगला आहे, पण त्याचा वापर आपण चुकीचा करतो. कसा, ते बघू.

आधी हे 'यंत्रणा लावणं' म्हणजे काय? इंग्रजीत याला रेट्रो-कमिशनिंग म्हणतात. आपण ट्यूनिंग म्हणू. समजा, एखाद्या कार्यक्रमासाठी कुणीतरी एसी पहाटे ५ ला सुरू होईल असा टायमर लावला. कार्यक्रम झाला, टायमर तसाच राहिला. पंख्याचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त व्हावा म्हणून व्हीएफडी बसवला, पण एकदा तक्रार आली म्हणून तो मॅन्युअलवर टाकला आणि तेव्हापासून पंखा पूर्ण ५० हर्ट्झवरच फिरतोय. तापमानाचा सेन्सर २ अंश चुकीचं दाखवतोय. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. यातलं काहीही 'बिघाड' म्हणून दिसत नाही, कारण ऑफिस थंड असतं. वाढतं ते फक्त बिल.

आणि ही वाढ किरकोळ नसते. पंख्याला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग २० टक्क्यांनी कमी केला तर ०.८ चा घन, म्हणजे ०.५१. जवळजवळ निम्मी वीज! नवं यंत्र न घेता बचत शक्य आहे ती अशा ठिकाणी.

मिल्स यांनी अमेरिकेतल्या ६४३ इमारतींची माहिती एकत्र केली. त्यांत १०,००० हून अधिक ऊर्जाविषयक त्रुटी नोंदल्या गेल्या होत्या. जुन्या इमारतींसाठी खर्चाचा मध्यक होता प्रति चौरस फूट ०.३० डॉलर, बचतीचा १६ टक्के आणि परतफेडीचा १.१ वर्षं. त्याआधी ट्यूनिंगबद्दल बोलणं बरंचसं अनुभवावर आणि विश्वासावर चालायचं. इतके प्रकल्प एका मापाने मोजून मांडणं, हे या अहवालाचं खरं योगदान. ते मान्य करूनच पुढचे मुद्दे मांडतो.

पहिला मुद्दा नमुन्याचा. या ६४३ इमारती चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नाहीत. ज्यांनी ट्यूनिंग करून घेतलं आणि ज्यांची माहिती मिळू शकली, त्या या इमारती. ज्या मालकाला बिलाची फिकीर आहे, तोच असं काम करून घेतो. त्यामुळे '१६ टक्के' याचा अर्थ 'कुठल्याही इमारतीत १६ टक्के' असा होत नाही. शिवाय हा मध्यक आहे. म्हणजे निम्म्या प्रकल्पांत बचत याहून कमी झाली. ही निम्मी बाजू सादरीकरणात कधी दिसते का? २०२० मध्ये याच प्रयोगशाळेच्या गटाने सुमारे १,५०० इमारतींचा पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वीज कंपन्यांच्या अनुदान-योजनांतून झालेल्या प्रकल्पांच्या बचतीचा मध्यक एक आकडी आला. तंत्र तेच, पण काम कोण आणि कशासाठी करतोय यावर निकाल बदलतो.

दुसरा मुद्दा टिकण्याचा, आणि मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. परतफेडीचं गणित करताना आपण गृहीत धरतो की एकदा मिळालेली बचत पुढेही मिळत राहील. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या क्लॅरिज आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. त्यांच्या निबंधाचं शीर्षकच असं होतं: एकदा कमिशनिंग पुरेसं आहे का? विद्यापीठाच्या १० इमारतींत ट्यूनिंगनंतर काही वर्षांनी मोजलं, तर बचत बरीचशी टिकली होती, पण वापर पुन्हा वाढायला लागला होता. त्या वाढीचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग फक्त दोन इमारतींतून आला होता. तिथे काही भाग नादुरुस्त झाले होते, काही सेटिंग बदलली गेली होती. आत बसणाऱ्यांना त्रास काहीच नव्हता, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

या निष्कर्षाकडे नीट बघा. बचत इमारतीत साठून राहत नाही. कुणीतरी लक्ष ठेवतंय तोवर ती असते. मग तिला 'प्रकल्प' म्हणून मोजणं हीच अडचण आहे. गाडीचं सर्व्हिसिंग एकदा केलं की संपलं, असं आपण म्हणतो का?

तिसरा मुद्दा आपला. हे आकडे मुंबई-पुण्याला लावायचे का? अमेरिकेतल्या अनेक मोठ्या इमारतींत हवा आधी थंड करतात आणि मग खोलीच्या गरजेप्रमाणे पुन्हा तापवतात. चुकीच्या सेटिंगमुळे थंड करणं आणि तापवणं एकाच वेळी चालू राहतं. तिथल्या ट्यूनिंगमधली मोठी बचत बऱ्याचदा हे भांडण मिटवण्यातून येते. टेक्सासच्या कामात तर ती ठळक आहे. आपल्याकडे ऑपरेशन थिएटर, औषध कारखाने वगैरे सोडले तर साध्या ऑफिसात हवा तापवण्याची सोयच नसते. जी चूक मुळात होतच नाही, ती सुधारून बचत कुठून मिळणार?

उपायही जसेच्या तसे उचलता येत नाहीत. बाहेरचं तापमान उतरलं की चिलरच्या पाण्याचं तापमान थोडं वाढवा, असा एक नेहमीचा सल्ला आहे. पुण्यात डिसेंबरात तो ठीक. पण मुंबईत जुलैमध्ये तापमान मेपेक्षा कमी असतं आणि हवा ओलाव्याने जड असते. ओलावा काढायला पाणी पुरेसं थंडच लागतं. नुसत्या तापमानावर नियम लावला तर वीज वाचेल, पण ऑफिसात दमट वास आणि बुरशी येईल. त्याची तक्रार आली की ऑपरेटर सगळं मॅन्युअलवर टाकेल. म्हणजे आपण परत पहिल्या जागी!

ताज्या हवेचंही तसंच. बाहेरची गरम, दमट हवा थंड करायला वीज लागते, म्हणून तिचा डँपर बंद करून ठेवणं हा आपल्याकडचा जुना जुगाड. इमानदारीने ट्यूनिंग केलं तर तो उघडावा लागेल आणि वापर कदाचित वाढेल. टक्केवारीच्या तक्त्यात हे अपयश दिसेल. बंद खोलीत दुपारी पेंगणाऱ्या माणसांच्या दृष्टीने मात्र ती सुधारणा आहे. यश फक्त वाचलेल्या युनिटमध्ये मोजणाऱ्या अभ्यासात या माणसांना रकानाच नसतो.

असाच रकाना नसलेला आणखी एक माणूस म्हणजे ऑपरेटर. कोणता व्हॉल्व्ह गळतो, कोणता सेन्सर खोटं बोलतो, हे त्याला कुठल्याही सल्लागारापेक्षा आधी माहीत असतं. तो बहुतेकदा कंत्राटावर असतो. वीज वाचली तर त्याला काही मिळत नाही, आणि साहेबांच्या केबिनमध्ये उकडलं तर बोलणी मात्र त्यालाच बसतात. मग व्हीएफडी पूर्ण वेगावर ठेवणं हा त्याचा आळस म्हणायचा की शहाणपणा? बचत टिकवायची असेल तर सॉफ्टवेअरच्या आधी हे बदलायला हवं. सेटिंग बदललं तर का आणि कधीपर्यंत, हे लिहायला लॉगबुकात जागा हवी आणि ते वाचायला कुणीतरी हवं.

थोडक्यात, या अहवालातून १६ टक्के उचलू नका, पद्धत उचला: आधी मोजा, त्रुटी शोधा, दुरुस्त करा, पुन्हा मोजा. आपल्या हवामानात, आपल्या इमारतींत, पावसाळ्यासकट किमान वर्षभर. असे आकडे जमवून उघडपणे मांडले गेले, तर तो १६ पेक्षा कमी निघाला तरी मला जास्त उपयोगाचा वाटेल.

सुरुवात तुम्हीही करू शकता. तुमचं ऑफिस उच्चदाब ग्राहक असेल तर महावितरणच्या बिलावर रात्रीच्या तासांचे युनिट वेगळे छापलेले असतात. रात्री कुणीच कामाला नसताना ते दिवसाच्या किती टक्के आहेत, एवढं काढून बघा. आणि आकडा मोठा आला, तर सल्लागाराला फोन करण्याआधी रात्रपाळीच्या ऑपरेटरला विचारा की काय काय चालू असतं.