जलसा, कलापथक आणि सामूहिक आनंदाचे राजकारण

चळवळीच्या साहित्याची समीक्षा प्रायः आशयाच्या अंगाने होते. त्यातील आनंद हा प्रचाराला दिलेला मुलामा मानला जातो. जलशाची परंपरा तौलनिक दृष्टीने तपासली असता हे गृहीतक टिकत नाही.

१८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांतून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी जोर धरला. दोहोंनी तमाशाचा घाट स्वीकारून त्याचा आशय पालटला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने (१९४४) हीच वाट पुढे नेली. अण्णा भाऊंच्या गणात गणपतीऐवजी मातृभूमी व हुतात्मे वंदनीय ठरले. वंदनाचा विषय बदलला, परंतु समूहाने एकत्र वंदन करण्याची कृती अबाधित राहिली. बतावणीत सावकाराची फजिती होते, तेव्हा एरवी त्याच्यापुढे मान खाली घालणारा प्रेक्षक शेजाऱ्यासह हसतो. एकेकट्याने बाळगलेली भीती या हास्यात ओसरते. म्हणून हे हास्य स्वतःच एक राजकीय कृती ठरते.

बाख्तिनच्या कार्निव्हल-संकल्पनेशी याचे साम्य उघड आहे. तथापि कार्निव्हलची मोकळीक उत्सवाच्या दिवसांपुरती असते. जलसा मात्र खेळ संपल्यानंतरच्या आचरणावर हक्क सांगतो.

दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे (१९७३) उदाहरण या विवेचनाला वेगळे परिमाण देते. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादनजीक झंडापूर येथे ‘हल्ला बोल’च्या प्रयोगावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी यांचे निधन झाले. ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी व सहकाऱ्यांनी तेथेच खंडित प्रयोग पूर्ण केला. तेथे उल्हासाला जागा नव्हती. समूह मात्र परतला होता. सामूहिक आनंदाचे सत्त्व करमणुकीत नसून एकत्र येण्याच्या या सामर्थ्यात आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

या परंपरेचे मूल्यमापन करताना एक प्रश्न टाळता येत नाही: हा आनंद कोणाचा? सुधारणावादी जलशांनी शृंगारिक लावणी दूर सारली; त्याबरोबर ती सादर करणाऱ्या, बहुतांशी दलित जातींतील स्त्रियांचे स्थानही संकोचले. लावणी-पोवाड्याच्या अभ्यासातून शर्मिला रेगे यांनी जात व लिंगभाव यांच्या या गुंत्याकडे लक्ष वेधले आहे. जो समूह आपल्या कलावंत स्त्रीला रंगमंचाबाहेर ठेवून हसतो, त्याचे हास्य अपुरे राहते. चळवळीत आनंद पुन्हा आणू पाहणाऱ्यांना जलशाचे सामर्थ्य आणि त्याची ही मर्यादा, दोहोंचा वारसा एकत्रच स्वीकारावा लागेल.