वाटाणे, वाल आणि बंद फाटक

करोनाकाळाविषयी आपल्या समाजातील लेखकांनी लिहिलेल्या कथा-कविता गेल्या पावसाळ्यात मी एकत्र काढून वाचल्या. निमित्त घरगुती होते. माझी मोठी आत्या त्या काळात एका वृद्धाश्रमात होती आणि आजही तेथेच आहे. तिने भोगलेली ती दोन वर्षे आपल्या साहित्यात कोठे उमटली आहेत का, एवढेच मला पाहावयाचे होते. वाचन संपले तेव्हा हाती दोनच व्यक्ती लागल्या. एक, खिडकीशी बसून परदेशातील मुलाच्या फोनची वाट पाहणारी दीनवाणी म्हातारी. दुसरी, हाती जपमाळ घेऊन सर्वांसाठी प्रार्थना करता करता शांतपणे डोळे मिटणारी पुण्यवती. पहिलीसाठी लेखक अश्रू ढाळतो, दुसरीपुढे हात जोडतो. या दोघी सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय करीत होत्या, हे मात्र त्याने कोठेच पाहिलेले नाही.

आत्या नंदाखालची. अविवाहित राहून शिक्षिकेची नोकरी केली, निवृत्त झाल्यावर काही वर्षे भावांच्या घरी राहिली आणि मग स्वतःच्या निवृत्तिवेतनावर, स्वतःच्या निर्णयाने सिस्टरांच्या एका आश्रमात गेली. आमच्या भागात वृद्धाश्रम हा शब्द अजूनही हळू आवाजात उच्चारला जातो. वाडी आहे, घर आहे, पुतणे आहेत, मग म्हातारीला बाहेर का ठेवले, असा प्रश्न मिस्सा आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरताना मला अनेकांनी विचारला आहे. तिला कोणी ठेवलेले नाही, ती गेली आहे, हे उत्तर कोणालाही पटत नाही, कारण मराठी वाङ्मयाने आपल्याला दिलेल्या साच्यात ते बसत नाही.

तो साचा मोठ्या लेखकांनी घडविला आहे, हे मान्य केले पाहिजे. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर आणि कावेरी, त्यानंतर आलेल्या जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’तील नाना आणि नानी यांनी मराठी माणसाला रडविले आणि ते रडणे खरे होते. मात्र त्या दोन नाटकांनंतर आपल्याकडे वार्धक्य म्हणजे मुलांनी केलेला अपराध, असे समीकरण होऊन बसले. वृद्धाची कथा ही खरे पाहता त्याच्या मुलाची कथा ठरली. २०२० साली जे घडले त्यात मुलांचा अपराध नव्हता. फाटक बंद झाले ते काळजीपोटी. पुतणे केळी आणि भाजी घेऊन फाटकाशी येत, पिशवी ठेवून दहा पावले मागे सरत, मग आतून कोणी येऊन ती उचलून नेई. खलनायक नसलेली ही विरहकथा सांगण्यास जुना साचा अपुरा पडला, तरी आपण त्याच साच्यात ती ओतली.

आत्याने सांगितलेल्या दिवसांतील एक प्रसंग येथे देतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. आश्रमातील छोट्या प्रार्थनालयात मिस्सा अर्पण करण्यासाठी बाहेरून येणारे फादर येईनासे झाले आणि एका सिस्टरांच्या मोबाईलवर मिस्सा दिसू लागला. टेबलावर मोबाईल, त्यामागे टेकू म्हणून स्तोत्रांचे पुस्तक आणि समोर अंतर राखून मांडलेल्या बावीस खुर्च्या. पहिल्याच रविवारी वाद उपस्थित झाला : सुवार्तावाचनाच्या वेळी मोबाईलपुढे उभे राहावयाचे की नाही? एका पक्षाचे म्हणणे, उभे राहणे हा शुभवर्तमानाचा मान आहे, ते कोठून ऐकू येते याला महत्त्व नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, फादर आपल्याला पाहत नाहीत, आपण प्रत्यक्ष तेथे नाही, तेव्हा उभे राहणे हे नाटक होईल. आत्या दुसऱ्या पक्षात होती, जरी तिचे गुडघे तिला पहिल्या पक्षात जाऊ देते असे नाही! हा वाद कित्येक आठवडे चालला. त्यावरून दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या आणि पुढे त्यांतील एक आजारी पडली तेव्हा दुसरीने स्वतःहून तिच्या दाराशी चहा ठेवला. साक्रामेंत म्हणजे काय, उपस्थिती म्हणजे काय, या गहन प्रश्नांची चर्चा ईशज्ञानाच्या वर्गात व्हावी तशी त्या खोलीत चालली होती. आमच्या कथाकारांना तेथे फक्त जपमाळ दिसली.

महामारीवरील जुने साहित्य उघडले तर वृद्धांची उपेक्षा तेथेही आढळते. बोकाच्चोच्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये १३४८ च्या प्लेगात फ्लॉरेन्स सोडून जाणारी दहाही माणसे तरुण आहेत. सात तरुणींतील सर्वांत मोठी अठ्ठावीस वर्षांची. सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये ती भेटतात, बेत ठरवितात आणि निघतात. त्यांच्या आजी-आजोबांचे काय झाले, हे त्या शंभर कथांत शोधू नये. मान्झोनीच्या ‘प्रॉमेस्सी स्पोझी’ या कादंबरीत १६३० चा मिलानमधील प्लेग आहे. ही कादंबरी दिवंगत पोप फ्रान्सिस यांची आवडती. तिचा प्रारंभ त्यांच्या आजीने त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. तिच्यात रोग्यांची सेवा करता करता स्वतः खचत जाणारे वृद्ध कापुचिन संन्यासी फादर क्रिस्तोफोरो आहेत, त्यांच्यावर आपल्याकडे प्रवचने झाली असतील. मला अधिक बोचतो तो भित्रा धर्मगुरू दोन अब्बोन्दियो. प्लेग ओसरल्यावर तो म्हणतो की ही साथ संकट तर होतीच, पण केरसुणीही होती. त्याला छळणारा उमराव तिने झाडून नेला, म्हणून त्याला हायसे वाटते. त्याच केरसुणीने त्याची जुनी घरकामवाली पेर्पेतुआही नेलेली असते. २०२० साली ‘बहुतेक वयस्करच जात आहेत’ हे वाक्य आपण किती सहज, किती दिलासा मिळाल्याप्रमाणे उच्चारीत होतो! मान्झोनीने आपला सूर दोनशे वर्षे आधी पकडून ठेवला होता.

या सर्वांत मला खरी सोबत झाली ती आल्बेर काम्यूच्या ‘द प्लेग’ या १९४७ सालच्या कादंबरीची. ती अश्रद्ध लेखकाची कादंबरी आहे म्हणून आपल्याकडे तिच्याबद्दल थोडा संशय असतो. वाचणारेही डॉक्टर रिए, तारू आणि फादर पानलू यांच्या वादांतच गुंततात. तिचे पुन्हा वाचन करताना मी फक्त म्हाताऱ्यांकडे पाहिले आणि थक्क झालो. ओरान शहराची दारे बंद झाल्यावर काम्यू त्यांना एका क्षणासाठीही विसरत नाही.

पंचाहत्तर वर्षांचा दमेकरी पाहा. पन्नाशीत त्याने ठरविले की काम पुष्कळ झाले, आणि तो अंथरुणावर बसला तो बसलाच. घड्याळाचा त्याला तिटकारा. वेळ मोजण्यासाठी तो एका पातेल्यातील वाटाणे एकेक करून दुसऱ्या पातेल्यात टाकतो. पंधरा पातेली झाली की जेवण. हे वाचताना मला आत्या आठवली. टाळेबंदीत आश्रमातील स्वयंपाकाच्या बाई येईनात, तेव्हा भिजवलेले वाल सोलण्याचे काम तिने मागून घेतले. दुपारी तीनच्या चहापूर्वी एक वाडगा, चहानंतर एक. बिरड्याचा बेत नसेल त्या दिवशीही तिला वाल हवे असत. काम्यूच्या म्हाताऱ्याचे वाटाणे कोणाच्या ताटात जात नाहीत, आत्याचे वाल जात. हा फरक मला लहान वाटत नाही. तरीही दिवस हातांनी पुढे ढकलावा लागतो, हे दोघांनाही ठाऊक होते.

दुसरा म्हातारा सज्जातून कागदाचे कपटे खाली टाकतो, मांजरे गोळा झाली की त्यांच्यावर थुंकतो आणि समाधानाने आत जातो. साथीत मांजरे नाहीशी होतात आणि त्याचा दिवस कोसळतो. मांजरे पुन्हा दिसू लागतात तेव्हा तो मात्र सज्जात येत नाही. तारू आपल्या वहीत प्रामाणिकपणे विचारतो की या माणसाला संत म्हणावे काय. यात थट्टा आहेच, पण तिच्याखाली खरा प्रश्न आहे. आपण वृद्धांना संत ठरवितो ते त्यांची एखादीही सवय न पाहता. तारू सवय पाहतो आणि मग विचारतो. फादर पानलूंना जागा देणारी भाविक वृद्धा तर संत ओदिलीच्या भविष्यवाण्यांवर फादरांचा पुरेसा विश्वास नाही म्हणून रुसून बसलेली आहे. अशी एक तरी म्हातारी प्रत्येक धर्मग्रामात असते, आपल्या कथांत नसते.

डॉक्टर कास्तेल आणि त्यांची पत्नी यांच्यासाठी काम्यूने थोडकीच वाक्ये खर्चिली आहेत. ती शेजारच्या गावी गेलेली असताना दारे बंद होतात. त्यांचा संसार काही आदर्श नव्हता, दोघांनाही तो सुखाचा झाला असे छातीठोकपणे सांगता आले नसते. तरी ती वृद्धा साथीच्या शहरात परत येते. ‘संध्याछाया’तील नाना-नानींना एकत्र मरण दिसते. या दोघांना एकत्र दिवस काढावयाचे आहेत. साहित्यात पहिली गोष्ट रंगविणे सोपे जाते.

आणि फादर पानलू. त्यांच्या दोन प्रवचनांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी एका सर्वनामापुरते बोलतो. पहिल्या प्रवचनात ते लोकांना ‘तुम्ही’ म्हणतात : संकट तुमच्यावर आले आणि तुम्ही त्यास पात्र आहात. न्यायाधीशांचे लहान मूल डोळ्यांदेखत तडफडून गेल्यानंतरच्या दुसऱ्या प्रवचनात ‘तुम्ही’ जाऊन त्या जागी बोलणाऱ्यालाही सामावणारे सर्वनाम येते. फ्रेंचला त्यासाठी एकच शब्द आहे. मराठीला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन आहेत आणि ऐकणाऱ्यालाही पोटात घेणारा ‘आपण’ हा आपला मोलाचा शब्द आहे. मी वाचलेल्या करोनाकथांत वृद्धांसाठी तो एकदाही आलेला नाही. तेथे ‘ती बिचारी’ आहे, ‘ते थकलेले डोळे’ आहेत. लिहिणारे स्वतः साठीच्या पुढचे आहेत, हे मला त्यांच्या छायाचित्रांवरून समजले.

वृद्धत्वाचे वर्णन वस्तूंतून करावे, हे आपल्याला काम्यूने शिकवावयास नको होते. उपदेशकाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात म्हातारपण हे घर म्हणून येते : दळणाऱ्या थोड्या उरतात, खिडक्यांतून पाहणाऱ्यांना अंधुक दिसते, रस्त्याकडची दारे लागतात, बदामाला फूल येते. दया कोठेच मागितलेली नाही. नंदाखालचेच सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीला दिले. जानेवारी २०२० मध्ये प्रकृती साथ देत नसतानाही ते उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या दोन-अडीच महिन्यांत सर्वच दारे लागली. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या शैलीचे अनुकरण करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी सुबोध करून ठेवलेल्या त्या ग्रंथातील हा अध्याय त्यांपैकी कोणी करोनाकाळाशेजारी ठेवून वाचला असता तर बरे झाले असते.

काम्यूतही उणीव आहे. त्याचे वृद्ध एकेकटे आहेत. डॉक्टरांची आई संध्याकाळी खिडकीशी ताठ बसते, हात स्थिर, बोलणे जवळजवळ नाहीच. लेखक तिच्यावर प्रेम करतो, पण तिला वाद घालू देत नाही. बावीस वृद्ध एका छपराखाली, एका जेवणघरात, एकाच बंद फाटकाआड कसे राहतात, हे त्या महान कादंबरीतही नाही. १६ नोव्हेंबर २०२० रोजी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली, तरी पासष्टीपुढच्यांनी घरीच राहावे ही सूचना कायम होती. म्हणजे चर्चचे दार उघडले ते आत्यासाठी नव्हे. मार्च २०२१ पासून साठीवरील सर्वांना लस मिळू लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर भिवंडी तालुक्यातील एका वृद्धाश्रमात साठांहून अधिक जण बाधित निघाले. वाचकाच्या लक्षात राहिला तो आकडा.

आत्याच्या आश्रमातून त्या काळात तिघी गेल्या. इस्पितळात नेल्या त्या परत आल्या नाहीत. दफनाला येथून कोणासही जाता आले नाही. सुवार्तेला उभे राहावे म्हणणाऱ्या पक्षाची पुढारी त्यांतीलच एक. जेवणघरात तिची खुर्ची दाराजवळ होती. त्या खुर्चीवर दुसरे कोणी किती दिवसांनी बसले, असे मी आत्याला विचारले. तिने वाल सोलता सोलता सांगितले, अकरा दिवसांनी, आणि तेही सिस्टरांनी दोनदा सांगितल्यावर.