घोषवाक्य, तारे आणि अर्ज : शासकीय ॲपचा प्रचार व वापरकर्त्यांचे अभिप्राय यांची चिकित्सा (जालना जिल्ह्याच्या संदर्भात)

बीजसंज्ञा : अभिप्राय, घोषवाक्य, ई-पीक पाहणी, स्वच्छता ॲप, मानांकन, गाऱ्हाणे

प्रस्तावना

मराठी वाङ्मयव्यवहारात ‘अभिप्राय’ हा शब्द जुना आहे. ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७) व ‘निबंधमाला’ (१८७४) यांच्या काळापासून ग्रंथपरीक्षण हा आपल्याकडे गांभीर्याने हाताळला गेलेला लेखनप्रकार होय. त्याच्या शेजारी दुसराही एक प्रकार नांदत आला आहे. ग्रंथाच्या मलपृष्ठावर किंवा अखेरच्या पानांत विद्वानांचे आणि वृत्तपत्रांचे अनुकूल अभिप्राय छापण्याची ही प्रथा. परीक्षण वाचकासाठी लिहिले जाते. अभिप्राय बहुधा ग्रंथकर्त्याच्या किंवा प्रकाशकाच्या विनंतीवरून लिहिला जातो. पहिल्याचा इतिहास आपण शिकवतो, दुसऱ्याकडे सौजन्याचा भाग म्हणून पाहतो.

गेल्या दीड दशकात हा दुसरा प्रकार, म्हणजे मागवून घेतलेला अभिप्राय, मोबाईल ॲपच्या रूपाने घराघरांत शिरला आहे. ‘डाउनलोड करा’ आणि ‘आम्हाला पाच तारे द्या’ ही दोन आज्ञार्थी वाक्ये आज ज्या प्रमाणात वाचली जातात त्या प्रमाणात अन्य कोणतेही मराठी गद्य वाचले जात असेल असे वाटत नाही. प्रस्तुत लेखात दोन शासकीय ॲपच्या प्रचाराची भाषा आणि त्यांच्याभोवती निर्माण झालेले अभिप्राय समीक्षेच्या अंगाने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. हा प्रांत संगणकशास्त्राचा किंवा वाणिज्याचा आहे, वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे लुडबुड का करावी, अशी शंका सहकारी उपस्थित करतील. तथापि कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि बोलल्याने काय घडते, हे प्रश्न आपल्याच विषयाचे आहेत.

घोषवाक्यातील ‘मी’

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ हा प्रकल्प राज्यभर सुरू केला. महसूल व कृषी विभागाच्या या उपक्रमात टाटा ट्रस्ट्सचा तांत्रिक सहभाग होता. तोपर्यंत गाव नमुना बारामध्ये पिकांची नोंद तलाठी करीत असे. तो प्रत्यक्ष बांधावर जातो की चावडीत बसूनच मागील वर्षाचा पेरा उतरवून काढतो, हा गावोगावचा जुना वादाचा मुद्दा. आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घ्यायचे आणि नोंद करायची. प्रचारासाठी योजलेले घोषवाक्य असे : ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’.

घोषवाक्य म्हणून ही रचना यशस्वी आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे. ‘सातबारा’ आणि ‘पीकपेरा’ यांतील अंत्ययमक सहज साधले आहे. दोन्ही शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या तोंडचे आहेत. प्रथमपुरुषी सर्वनाम चार वेळा आले असून त्यांतील ‘मीच’ हा शब्द निर्णायक ठरतो. त्या ‘च’मध्ये तलाठ्यावरचे अवलंबित्व झुगारल्याचा सूर आहे. ‘लिहिणार’ हे क्रियापद तर विशेषच. मराठवाड्यातील ज्या शेतकऱ्यांच्या आजोबांनी निजामी राजवटीत आपल्याच जमिनीचे कागद दुसऱ्याकडून वाचून घेतले, त्यांच्या नातवाला हे वाक्य लेखकत्व बहाल करते. हे आश्वासन लहान नाही.

परंतु जो ‘मी’ येथे बोलतो तो शेतकरी नव्हे. शेतकऱ्याच्या वतीने शासन बोलत आहे. आपल्या काव्यात दुसऱ्याचा ‘मी’ धारण करण्याची रीत परिचित आहे, गौळणी आणि विराण्या तिच्यावरच उभ्या आहेत. तेथे मात्र श्रोत्याला ते सोंग ठाऊक असते. या घोषवाक्यात कर्तव्याला हक्काचा पोशाख चढवलेला आहे. ‘मीच लिहिणार’ याचा व्यवहारातील अर्थ ‘मी न लिहिल्यास कोणी लिहिणार नाही आणि परिणाम मीच भोगणार’ असा होऊ शकतो. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन व कापूस उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अर्थसाहाय्य देण्याचे शासनाने २०२४ मध्ये ठरवले, तेव्हा प्रारंभी ई-पीक पाहणीतील नोंद ही पात्रतेची अट होती. पुढे ती शिथिल करावी लागली. कापूस आणि सोयाबीन हीच ज्यांची मुख्य पिके, त्या जालना जिल्ह्यात या अटीचा अर्थ काय होता हे वेगळे सांगावयास नको. मंठा, परतूर, घनसावंगी, भोकरदन या तालुक्यांत नोंद राहून गेलेल्यांत केवळ आळशी माणसे नव्हती. साधा फोन असणारे होते, जमीन कसायला दुसऱ्याकडे देऊन पुण्याला गेलेले होते, शेतात रेंज नसणारे होते.

गुणांसाठी अभिप्राय

दुसरे उदाहरण शहराचे. केंद्रीय नागरी विकास मंत्रालयाचे ‘स्वच्छता’ ॲप २०१६ मध्ये आले. कचऱ्याचे छायाचित्र पाठवावे आणि नगरपालिकेने तो उचलावा, अशी ही साधी व उपयुक्त कल्पना. ‘स्वच्छ सर्वेक्षण २०१८’ मध्ये एकूण ४,००० गुणांपैकी १,४०० गुण नागरिकांच्या प्रतिसादाला होते आणि त्यांतील ४०० गुण या ॲपच्या वाट्याचे होते. किती नागरिकांनी ॲप घेतले, किती जण ते वापरतात, तक्रार किती वेळात मिटते, तक्रारदाराचे समाधान होते का, अशा बाबींवर ते ठरत. गुणपत्रिका लागताच देशभरातील नगरपालिका प्रचाराला लागल्या. चौकांत फलक लागले, घंटागाडीवर ध्वनिफिती वाजल्या, आणि हक्काचे मनुष्यबळ म्हणून महाविद्यालयांकडे पत्रे आली. अशी पत्रे सूचनाफलकावर लावण्याचे काम ज्यांनी केले असेल त्यांना पुढचा तपशील ठाऊक आहेच : वर्गावर्गांत फोन बाहेर काढले जातात, ॲप उतरते, संख्या कळवली जाते आणि सायंकाळपर्यंत जागा रिकामी करण्यासाठी ते पुसलेही जाते.

नागरिकांना विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतील एक प्रश्न येथे लक्षात घेण्याजोगा आहे. आपले शहर या सर्वेक्षणात सहभागी झाले आहे हे आपणास माहीत आहे काय, असा तो प्रश्न. ‘होय’ म्हटल्यास शहराला गुण. हा प्रश्न नालीविषयी नाही, कचराकुंडीविषयीही नाही. तो प्रचाराविषयी आहे. म्हणजे प्रचार किती झाला याचे मोजमाप नागरिकाच्या अभिप्रायातून होते आणि त्यालाच नागरिकांचा प्रतिसाद असे नाव मिळते. समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर ही संहिता स्वतःच्याच जाहिरातीचे परीक्षण मागते.

या व्यवहाराकडे प्राध्यापकवर्गाने तुच्छतेने पाहावे अशी स्थिती नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या २०१७ पासूनच्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. विद्यार्थ्यांकडून थेट, महाविद्यालयाच्या हस्तक्षेपाविना मत घेण्याचा त्यामागील हेतू निर्दोष होता. एका महाविद्यालयातील बैठकीत मात्र निवडक विद्यार्थ्यांना ‘कोणत्या प्रश्नाला कोणता आकडा टाकायचा’ हे समजावून सांगितले जात असताना मी स्वतः उपस्थित होतो, आणि गप्प होतो. त्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही आक्षेप घेतला नाही. मोबाईलवरील प्रत्येक व्यवहारानंतर तारे मागितले जाण्याची त्यांना सवय होती, हे त्यामागील एक कारण असावे.

तारे कोणासाठी?

व्यापारी ॲपच्या जगात या प्रश्नांवर काही नियम तरी झाले आहेत. पैसे किंवा बक्षीस देऊन अभिप्राय मिळवण्यास गुगलची मनाई आहे. तारे मागण्यापूर्वी ‘ॲप आवडले का?’ असे विचारून फक्त खूश ग्राहकांनाच पुढे न्यावे, ही क्लृप्तीही तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध मानली आहे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक काढले. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची जी सूची अधिसूचित केली तिच्यात सततच्या टोचणीचाही समावेश आहे. या नियमांची गरज का पडली हे २०१७ मध्ये दिसले होते. स्नॅपचॅटवरील रागाच्या भरात अनेकांनी स्नॅपडील या वेगळ्याच कंपनीच्या ॲपला एक तारा दिला! २०२० च्या मे महिन्यात टिकटॉकचे मानांकन भारतीय वापरकर्त्यांनी दीडच्याही खाली आणले, तेव्हा गुगलने लाखो अभिप्राय काढून टाकले. तारा हे मत असतेच असे नाही. पुष्कळदा ती घोषणा असते.

तरीही व्यापारी ॲपच्या बाबतीत ताऱ्याला एक अर्थ उरतो, कारण तेथे निवड आहे. एक ॲप नको तर दुसरे घेता येते, आणि आधीच्या ग्राहकाचे मत पुढच्या ग्राहकाला उपयोगी पडते. हा व्यवहार जालन्याला नवा नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिकोची स्थापना केली तेव्हापासून हे शहर बियाण्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. पिशवीवरील चित्र पाहून वाण घेणारा शेतकरी विरळा. तो शेजाऱ्याच्या शेतातील बोंडे मोजतो, उतारा विचारतो, मग ठरवतो. त्या अभिप्रायकर्त्याचे नाव, गाव, जमिनीची प्रत आणि विहिरीचे पाणीही ऐकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तेथे ताऱ्यांची गरज भासत नाही.

ई-पीक पाहणीला पर्यायी ॲप नाही. २०२२ च्या खरिपात दुसरी आवृत्ती आली, पुढे केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेले ‘डीसीएस’ रूप आले. शेतकऱ्याने दर वेळी जे आले ते घेतले. जेथे निवडच नाही तेथे मानांकन पाहून कोण काय ठरवणार? आणि तरीही लोक लिहितात. प्ले स्टोअरवरील या प्रकारचे लेखन काही दिवस सलग वाचले असता त्याची जात लक्षात येते. त्यातील पुष्कळसे रोमन लिपीतील मराठी असते, विरामचिन्हांविना. ओटीपी येत नाही, छायाचित्र चढत नाही, गट क्रमांक दिसत नाही, मुदत संपत आली आहे. ‘साहेब’, ‘कृपया’, ‘विनंती’ हे शब्द वारंवार भेटतात. कित्येकदा मजकूर पूर्ण गाऱ्हाण्याचा आणि वर तारे पाच असतात; ही विसंगती अडाणीपणाची नसून अदबीची आहे. अर्जाच्या मायन्यात ‘माननीय’ लिहावे तसे हे पाच तारे.

थोडक्यात, ज्याला ॲपच्या पानावर अभिप्राय म्हटले जाते तो येथे अर्ज आहे. परीक्षणाचा साचा देऊ केला असता वापरकर्त्याने त्यात आपल्याला परिचित असलेला लेखनप्रकार भरला. समीक्षकाने वाङ्मयप्रकार चुकीचा ठरवला की संहितेचे मूल्यमापनही चुकते. येथे तेच होत आहे. हजारो अर्जांची सरासरी काढून तिला चार दशांश अमुक असे रूप देणे म्हणजे अर्ज न वाचण्याचीच एक पद्धत होय. याच जिल्ह्यातील जांब ही समर्थ रामदासांची जन्मभूमी. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवर असून अक्षर असे असावे की वाचणाऱ्याला सुख व्हावे, हा त्याचा रोख आहे. तेथे वाचणारा गृहीत आहे. ॲपखालच्या या लेखनाला कोणी वाचणारा आहे की नाही, हे लिहिणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. क्वचित खाली विकसकाचे उत्तर दिसते, तेही पुष्कळदा सर्वांना एकच.

या ठिकाणी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. तहसील कार्यालयात दिलेल्या कागदी अर्जाला आवक क्रमांक मिळतो. शासनाच्या ‘आपले सरकार’ तक्रार प्रणालीतही तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तिचा मागोवा घेता येतो. ज्या ॲपमधील नोंदीवर विमा, खरेदी आणि मदत अवलंबून आहे, त्याखालचा प्रत्येक मजकूर त्या प्रणालीत वळता करून लिहिणाऱ्याला क्रमांक कळवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नसावे. तोपर्यंत राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात प्रचारपत्रके वाटणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आणखी एक काम देता येईल. शेतकऱ्याची अडचण ॲपखाली न लिहिता कोऱ्या कागदावर, तारीख व गट क्रमांक घालून लिहावी, तलाठी कार्यालयात द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घेऊन ती प्रत शेतकऱ्याच्या हाती ठेवावी.