वस्त्रविक्रीच्या प्रतिमा आणि वयस्कर स्त्री : बागबाजारच्या निमित्ताने

१. प्रस्तावना

विजयादशमीला उत्तर कोलकात्यातील बागबाजारच्या मंडपात मोठी गर्दी असते. १९१९ मध्ये सुरू झालेली ही सार्वजनिक दुर्गापूजा तिच्या पारंपरिक मूर्तीसाठी प्रसिद्ध आहे, तितकीच दशमीच्या सिंदूरखेल्यासाठीही. देवीला निरोप देताना विवाहित स्त्रिया तिला शेंदूर लावतात आणि मग एकमेकींच्या भांगात, गालांवर लावतात. अंगावर लाल काठाची पांढरी साडी, हातात शंखाच्या व पोवळ्याच्या बांगड्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत ही छायाचित्रे हमखास असतात आणि त्यांत साठीच्या, सत्तरीच्या स्त्रियाही दिसतात.

वस्त्रांच्या जाहिरातींत वयस्कर स्त्री दिसत नाही, हे विधान आपण नेहमी ऐकतो. बागबाजारची छायाचित्रे पाहिली की ते तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. इथे ती दिसते, साडीसकट दिसते, आणि ते चित्र पाहून लाल काठाच्या साड्या खपतातही. म्हणून या टिपणात प्रश्न थोडा बदलून घेऊ. ती दिसते की नाही हे विचारण्याऐवजी, ती कोण म्हणून दिसते हे विचारू. कपडा निवडणारी म्हणून, की कपड्याने ठरवून दिलेली खूण अंगावर वागवणारी म्हणून?

२. दोन उपयुक्त संकल्पना

अमेरिकन लेखिका सुसान सोन्टॅग यांनी १९७२ मध्ये वार्धक्याच्या दुहेरी मापदंडावर लेख लिहिला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : पुरुषाचे वय वाढले की त्याच्या चेहऱ्याला अनुभवाची प्रतिष्ठा मिळते, स्त्रीचे वय वाढले की तिच्या हातून काहीतरी निसटले असे मानले जाते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ज्युलिया ट्विग यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात फॅशन आणि वय यांचा संबंध तपासला. समाज वयानुसार कपड्यांची उतरंड लावतो, अमुक वयानंतर अमुक रंग, अमुक लांबी, अमुक गळा, असे त्या दाखवतात. या व्यवस्थेला आपण ‘वयक्रम’ म्हणू.

मराठी वाचकाला वयक्रम समजावून सांगावा लागत नाही. ‘वयाला शोभेल असं नेस’ या एका वाक्यात तो सगळा आला आहे. त्यातला ‘शोभेल’ हा शब्द नीट पाहावा. ऐकायला तो सौंदर्याचा शब्द आहे. प्रत्यक्षात तो परवानगीचा आहे.

३. रंगाची लिपी : थान आणि आलवण

बंगालमध्ये लाल काठ हा सौभाग्याचा आणि काठ नसलेले पांढरे ‘थान’ हे वैधव्याचे चिन्ह होते. महाराष्ट्रात मात्र केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला नेसावे लागे ते तांबडे आलवण. म्हणजे बंगालमध्ये जो रंग विधवेकडून काढून घेतला जाई, तोच महाराष्ट्रात तिच्या अंगावर चढवला जाई. आपल्याकडे सौभाग्य हिरव्या चुड्यात, तिकडे शंखाच्या पांढऱ्या बांगडीत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. लाल रंगात स्वतःहून मंगल काही नाही आणि पांढऱ्यात स्वतःहून शोक नाही. दोन्ही ठिकाणी नियम एकच आहे : स्त्रीच्या वस्त्रावरून तिच्या नवऱ्याची हयात वाचता आली पाहिजे. रंग ही त्याची फक्त स्थानिक लिपी. आणि वय वाढेल तशी वैधव्याची शक्यता वाढत असल्यामुळे ‘म्हातारी’ आणि ‘विधवा’ या दोन प्रतिमा एकमेकींत मिसळल्या. आजही नवरा हयात असलेल्या आजीने गडद रंग घेतला तरी घरात कोणीतरी ‘फिका नव्हता का?’ असे विचारतेच.

काठ वाचला जातो, याचा एक सुखद दाखलाही बंगालमध्ये आहे. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, त्या काळात शांतिपूरच्या विणकरांनी ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या गौरवाचे गीत साडीच्या काठात विणले. ज्या काठाने स्त्रीला बांधले होते, त्याच काठावर तिच्या बाजूचा मजकूर आला.

४. १८९८ चे छायाचित्र

बागबाजारशी कायमचे जोडले गेलेले एक छायाचित्र शारदादेवींचे आहे. ते १८९८ मध्ये कोलकात्यात काढले गेले. सारा बुल या अमेरिकन अनुयायी स्त्रीच्या आग्रहावरून त्या छायाचित्राला बसल्या. तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. परक्या पुरुषासमोर बसण्याचा संकोच होता. साडी व केस नीट करायला सारा बुल आणि भगिनी निवेदिता यांनी मदत केली. त्याच वर्षी निवेदितांनी बागबाजारच्या बोसपाडा गल्लीत मुलींची शाळा सुरू केली, आणि पुढे १९०९ पासून १९२० मधील निधनापर्यंत शारदादेवींचे कोलकात्यातील घर बागबाजारमध्येच होते.

वस्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग छायाचित्राच्या आधीचा आहे. १८८६ मध्ये रामकृष्णांच्या निधनानंतर त्यांनी पूर्ण वैधव्यवेष घेतला नाही. हातातल्या बांगड्या ठेवल्या आणि साडीचा काठ अरुंद करून बारीक लाल काठाची साडी नेसत राहिल्या. चरित्रकार याचे कारण त्यांना झालेल्या रामकृष्णांच्या दर्शनात सांगतात. गावात त्यावरून कुजबुज झाली, हेही सांगतात. श्रद्धेचा भाग श्रद्धावंतांकडे सोपवला तरी समीक्षकाला दिसते ते असे : एका विधवेने काठ पूर्ण टाकला नाही आणि पूर्ण ठेवलाही नाही, रुंदी स्वतः ठरवली.

पण कृष्णधवल छायाचित्रात काठाचा रंग दिसत नाही. जगभर ओळखीची झालेली ही प्रतिमा आपण ‘माता’ म्हणून पाहतो. काठाचा निर्णय घेणारी स्त्री त्या प्रतिमेमागे राहते. वयस्कर स्त्रीच्या चित्रांबाबत हे वारंवार घडते. आदर वाढतो आणि निवड अदृश्य होते.

५. दुकानात : पेढीवरून साइझ-चार्टकडे

आता खरेदीकडे वळू. बागबाजारहून जवळच असलेल्या हातीबागानचा पूजेआधीचा बाजार किंवा चैत्र सेल घ्या, नाहीतर पुण्याचा लक्ष्मी रोड. जुन्या पद्धतीच्या साडीच्या दुकानात मॉडेल कोण असते? गादीवर बसलेला विक्रेता. तोच साडी उलगडतो, खांद्यावर पदर टाकतो, निऱ्या धरून दाखवतो. मिशीवाल्या माणसाच्या खांद्यावरचा पदर पाहून सत्तरीतली बाई ती साडी स्वतःच्या अंगावर कल्पू शकते, तितकीच विशीतली मुलगीही. साडीला मापही नसते. सहावारी सुमारे साडेपाच मीटर, नऊवारी आठ मीटरच्या आसपास; पोट सुटो, पाठ वाको, कापड जमवून घेते.

म्हणजे तिथे वगळणूक नव्हती का? होती, पण ती मापाची नव्हती, बोलण्याची होती. ‘मावशी, तुमच्यासाठी की सुनेसाठी?’ हा प्रश्न आधी येतो आणि उत्तरावरून ढीग बदलतो. ‘माझ्यासाठी’ म्हटले की राखाडी, बदामी, बारीक बुट्टी. कोलकात्यात ‘मासिमा’ म्हणत हेच होते. मात्र या वगळणुकीशी वाद घालता येतो. ‘ती वरची जांभळी काढा’ असे म्हणता येते, आणि विक्रेत्याला ती काढावी लागते.

तयार कपडे आणि ऑनलाइन खरेदी आल्यावर ही घासाघीस संपली. आता समोर छायाचित्र आणि मापांचा तक्ता असतो. छायाचित्रातली मुलगी सरळ उभी आहे. वाकलेल्या पाठीवर कुर्ता मागून वर उचलला जातो आणि पुढून लोंबतो, हे त्या चित्रावरून कळत नाही. खांदा आखडलेल्या स्त्रीला मागचे हूक लावता येत नाहीत, तरी ब्लाउज मागून बंद होणारा आहे की पुढून, हे शोधावे लागते. देशातल्या असंख्य घरांत वयस्कर स्त्रिया दिवसभर जो गाऊन किंवा मॅक्सी घालतात, त्याच्याही चित्रात बहुधा तरुणीच असते.

‘जाहिरातीत दिसून काय मिळणार?’ या आक्षेपाचे उत्तर इथे आहे. दुकानात कापड हाताळता येत होते, तेव्हा चित्र ही सजावट होती. ऑनलाइन खरेदीत चित्र हीच माहिती असते. त्यात आपल्यासारखे शरीर नसणे म्हणजे माल न पाहता पैसे देणे.

६. घेणारी, पण न निवडणारी

मराठी लग्नात नवरीच्या आजीला वराकडून जी साडी मिळते तिला ‘आजेचीर’ म्हणतात. बंगाली लग्नात सासरच्या वडीलधाऱ्यांना ‘नमस्कारी’ साड्या दिल्या जातात. शब्द सुंदर आहेत. भावनाही खोटी नाही. पण अशा साड्यांचे पुढे काय होते, हे प्रत्येक घरातले कपाट सांगेल. आजी वस्त्राची मानकरी असते, ग्राहक नसते.

ही अवस्था चित्रपटाने फार नेमकी पकडली आहे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५) मधल्या इंदिर ठाकरुणला एक नवी शाल हवी असते. चुनीबाला देवींनी साकारलेली ही म्हातारी शाल मिळाल्यावर लहान मुलासारखी खूश होते, आणि घरची सून सर्वजया चिडते, कारण दुसऱ्याकडून मागून घेतल्याने घराची अब्रू जाते. सर्वजया दुष्ट नाही. ती गरीब आहे. तरीही म्हातारीची इच्छा ही तिथे लाज ठरते. भूक समजण्यासारखी असते. शाल हवीशी वाटणे मात्र अपराध.

अपर्णा सेन यांच्या ‘गोयनार बाक्शो’ (२०१३) मध्ये याचे उलटे टोक आहे. मौसमी चटर्जी यांनी रंगवलेली बालविधवा आत्या आयुष्यभर पांढऱ्यात राहिली आणि मेल्यावर भूत होऊन दागिन्यांच्या पेटीवर पहारा देते. घरातली सून तेच दागिने गहाण टाकून साड्यांचे दुकान उघडते. जिला रंगीत साडी नेसता आली नाही, तिच्या संपत्तीवर रंगीत साड्यांचे दुकान चालते. विनोदी चित्रपट आहे, पण वस्त्रव्यवहारातला वयस्कर स्त्रीचा वाटा इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल.

७. ज्येष्ठ मॉडेल : दार उघडले का?

गेल्या काही वर्षांत चित्र बदलते आहे. २०१५ मध्ये फ्रेंच फॅशन घर सेलीनच्या जाहिरातीत ऐंशी वर्षांच्या लेखिका जोन डिडियन होत्या. एप्रिल २०२३ मध्ये ‘व्होग फिलिपिन्स’च्या मुखपृष्ठावर गोंदणकार आपो वांग-ओद आल्या, त्यांचे वय १०६ सांगितले गेले. आनंदाची गोष्ट आहे, पण नीट पाहा : एक नामांकित लेखिका, एक जिवंत आख्यायिका. दोघी अपवाद म्हणून आल्या आहेत. ‘या वयातही!’ हे उद्गारचिन्ह चित्राखाली न छापताही वाचले जाते. सामान्य तरुणीला मॉडेल व्हायला आख्यायिका असावे लागत नाही.

सामान्य कपड्यांची मागणी केली की सूर बदलतो. ‘ओरु मुथस्सी गधा’ (२०१६) या मल्याळम चित्रपटात आजीची भूमिका केलेल्या रजिनी चांडी यांनी साठीच्या अखेरीस जीन्स आणि आखूड पोशाखात छायाचित्रे काढून घेतली, तेव्हा समाजमाध्यमांवर त्यांच्यावर घाणेरड्या शब्दांत टीका झाली. पडद्यावरची आजी चालली. आजीने निवडलेला पोशाख चालला नाही. मुंबईत पन्नाशीनंतर मॉडेलिंगकडे वळलेल्या एका माजी शिक्षिकेने अंतर्वस्त्रांच्या जाहिरातींत वयस्कर स्त्रिया दाखवाव्यात म्हणून याचिका चालवली, तिचे महत्त्व यामुळेच आहे. तिची मागणी गौरवाची नव्हती, रोजच्या कपड्यांतल्या जागेची होती.

कोलकात्यातच २०१७ मध्ये एका इंग्रजी वर्तमानपत्राने विधवा, घटस्फोटित, अविवाहित आणि तृतीयपंथी स्त्रियांनाही सिंदूरखेल्यात सामील करून घेण्याची जाहिरात-मोहीम केली. चौकट रुंदावणारी ही मोहीम मोलाची आहे. तरी शंका उरते : सगळ्यांना लाल काठ मिळाल्याने काठाची सक्ती संपते का? शेंदूर लावण्याचा हक्क हवा, तसाच न लावता त्याच मंडपात, हव्या त्या साडीत उभे राहण्याचाही हवा.

८. समारोप

एक विरुद्ध बाजूही मांडली पाहिजे. काही स्त्रिया सांगतात की वय झाल्यावर कोणी बघत नाही, हीच मोठी सुटका आहे. जाहिरातीने आता आमच्या सुरकुत्याही विकायला काढू नयेत. हा मुद्दा खरा आहे. बाजार ज्येष्ठांकडे वळला तर तो आधी केसांचा रंग आणि सुरकुत्यांचे मलम घेऊन येईल. म्हणून ‘अधिक प्रतिमा’ हे आपले मागणे पुरेसे नाही. प्रतिमा तपासायची कसोटी एकच ठेवावी : या चित्रातली स्त्री निवडते आहे का? शारदादेवींच्या अरुंद काठात ती निवड होती, इंदिर ठाकरुणच्या शालीत ती इच्छा होती. ‘वरची जांभळी काढा’ म्हणणाऱ्या मावशींकडेही ती आहे. जाहिरातीत अजून ती फारशी पोहोचलेली नाही.

स्वाध्याय

१. तुमच्या भागात वैधव्य आणि सौभाग्य यांच्या खुणा कोणत्या रंगांनी व वस्त्रांनी दाखवल्या जात? थान आणि आलवण यांच्याशी त्यांची तुलना करा.
२. कपड्यांच्या कोणत्याही एका ऑनलाइन दुकानातील वीस छायाचित्रे पाहा. वयस्कर स्त्री दिसते का? दिसत असल्यास कोणत्या नात्याने?
३. घरातील ज्येष्ठ स्त्रीला विचारा : स्वतः निवडून, स्वतःसाठी घेतलेला शेवटचा कपडा कोणता? तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहा आणि ‘वयक्रम’ या संकल्पनेच्या आधारे त्यावर टिप्पणी करा.
४. ‘न दिसणे ही सुटका आहे’ या मताची बाजू घेऊन किंवा त्याच्या विरोधात २०० शब्दांत लिहा.