टँकर आधी की गोळी आधी? 'जय भीम कॉम्रेड' पाहताना

महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत एक विषय वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो : जमाव हिंसक झाल्यावर पोलिसांनी काय करावे? विषय साधा वाटतो. पण एक गोष्ट त्यात सिद्ध न करताच मान्य करून घेतलेली असते, ती म्हणजे घटनांचा क्रम. आधी जमाव बिघडला, मग पोलिसांनी काहीतरी केले. दोन्ही बाजूंचे वक्ते तिथूनच बोलायला उठतात आणि परीक्षक गुण देतात. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट विद्यार्थ्यांनी पाहावा असे मला वाटते, ते या क्रमासाठी.

११ जुलै १९९७. मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी लोकांना बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांची माळ दिसली. लोक जमले, शेजारचा महामार्ग अडवला. राज्य राखीव पोलीस दलाची गाडी आली आणि गोळीबार सुरू झाला. दहा माणसे मेली. मेलेल्यांपैकी काही जण रस्ता अडवणाऱ्यांत नव्हतेच. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धनांनी त्यांना पूर्वी 'हमारा शहर'मध्ये गाताना चित्रित केले होते. इथून सुरू झालेले काम चौदा वर्षे चालले.

गोळीबाराचे पोलिसांनी दिलेले कारण असे : जमाव गॅसचे टँकर पेटवण्याच्या बेतात होता, गोळ्या झाडल्या नसत्या तर फार मोठा अनर्थ झाला असता. हे कारण ऐकताच पटते, कारण टँकर फुटल्यावर काय होते ते कुणालाही डोळ्यांसमोर आणता येते. माहितीपट मात्र या दाव्याच्या मागे हात धुऊन लागतो. टँकर कुठे होते? गाडी कुठे थांबली? लोक कुठे पडले? अभियांत्रिकीत अपघाताची चौकशी शिकवताना आम्ही पहिल्यांदा कालरेषा आखायला लावतो, स्थळाचा आराखडा काढायला लावतो, आणि दोष कुणाचा हे सर्वांत शेवटी. माहितीपटाचा हा भाग मला त्या शिस्तीचा वाटतो. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

तरी 'चित्रफीत दाखवली की सत्य कळते' असा निष्कर्ष काढू नका. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी मारले, ते एका रहिवाशाने बाल्कनीतून टिपले आणि जगाने पाहिले. खटल्यात बचाव पक्षाने तीच फीत चौकट-चौकट थांबवून दाखवली. प्रत्येक दंडुक्याआधी किंग जरासा हलतो, म्हणजे दंडुका हे उत्तर, हल्ला नव्हे! पुढच्या वर्षी ज्यूरीने पोलिसांना मारहाणीच्या आरोपांतून सोडले आणि शहर पेटले. याउलट २०२० मध्ये मिनियापोलिस पोलिसांच्या पहिल्या निवेदनात जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू वैद्यकीय कारणाचा असल्यासारखा मांडला होता. फूटपाथवर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने सगळा प्रसंग न थांबता चित्रित केला नसता, तर कदाचित तेवढ्यावरच भागले असते. दोन्हीकडे पुरावा चित्राचाच. पण एकात प्रसंगाचे तुकडे केले गेले आणि दुसऱ्यात प्रसंग सलग राहिला.

वंश आणि जात एकच असा अर्थ यातून घेऊ नये. जातीचे मूळ वंशभेदात आहे हे मत स्वतः आंबेडकरांनी खोडून काढले होते. पण १९७२ साली मुंबईतल्या तरुण लेखक-कार्यकर्त्यांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले, ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहून. तुलना त्यांनी केली ती रक्ताची नव्हे, वागणुकीची.

माझी तक्रार उत्तरार्धाबद्दल आहे. माहितीपट तीन तासांहून मोठा आहे. शाहिरी, मोर्चे, निवडणुका, पुढे पुण्याचा कबीर कला मंच. गाणी जबरदस्त आहेत, पण त्या लाटेत सुरुवातीची तपासणी वाहून जाते. बातमीच्या कारखान्यात तर पटवर्धन फारसे शिरतच नाहीत. 'गोळीबारात दहा ठार' या शीर्षकात गोळी झाडणारा कुठे असतो? खैरलांजीचा प्रसंग माहितीपटात येतो, तिथे ही उणीव जास्त जाणवते. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातले चौघे मारले गेले. सुरुवातीच्या बातम्यांनी त्याला अनैतिक संबंधांचे प्रकरण म्हटले, आणि मोर्चे निघेपर्यंत मोठ्या वृत्तपत्रांना त्याचे फारसे काही वाटले नाही. कानपूरला आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर ३० नोव्हेंबरला उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीनचे डबे जाळले गेले. डब्यांचे छायाचित्र त्या पिढीतल्या पुष्कळांना आठवते. भोतमांगे यांच्या झोपडीचे कितींना आठवते, हे वर्गात विचारून पाहा. मी दर वर्षी विचारतो. इथे बेळगोळ-म्हैसूर परिसरात महाराष्ट्राबाहेरची मुले जास्त, म्हणून उत्तर येत नसेल असे मला आधी वाटायचे. मराठी मुलांनाही झोपडी ठाऊक नसते.

माहितीपट एका बैठकीत पाहू नका. पहिला तास पाहून थांबा, वहीत वेळ, जागा आणि सांगणाऱ्याचे नाव असे तीन रकाने करा, आणि टँकरचा उल्लेख कोणाच्या तोंडून पहिल्यांदा येतो ते टिपून ठेवा.